फासे कधी टाकायचे आणि कधी नाही?

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमबद्दल, म्हणजे आरपीजीबद्दल आहे. त्यातही एका जुन्या भांडणाबद्दल. एक बाजू म्हणते, "फाशांना ठरवू द्या, नाहीतर तो खेळ कसला?" दुसरी म्हणते, "मी महिनाभर विचार करून पात्र उभं केलं आणि एका फाशानं त्याचा पोपट केला. त्यापेक्षा नुसती गोष्टच सांगूया की!"

बाहेरून बघणाऱ्याला हे हौशी लोकांचं फुटकळ भांडण वाटेल. पण यापायी छान चाललेले ग्रुप फुटतात. कुणाला वाटतं आपल्याला बोलूच देत नाहीत, कुणाला वाटतं आपण काहीही ठरवलं तरी फरक पडत नाही. मग "या रविवारी जमणार नाही" असे मेसेज यायला लागतात आणि मोहीम अर्ध्यावर थांबते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "फासे की पात्र" असा प्रश्न विचारला तर हे भांडण कधीच मिटत नाही. "कुणी काय ठरवायचं" असा विचारला तर बरंचसं मिटतं. ते कसं, तेच आज बघूया.

आधी नव्या श्रोत्यांसाठी

साधारण चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर, आपण त्याला जीएम म्हणू. बाकी प्रत्येकाकडे एकेक पात्र. जीएम परिस्थिती सांगतो: समोर दरी आहे, पूल कुजलेला आहे, मागून घोड्यांच्या टापा ऐकू येतायत. खेळाडू सांगतात, आमची पात्रं काय करतात. त्याचा निकाल उघड नसेल तर फासा टाकायचा. पात्राच्या कौशल्याचा आकडा त्यात मिळवायचा आणि ठरलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. गाठला तर जमलं, नाही गाठला तर फसलं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ. त्यातला मुख्य फासा २० बाजूंचा असतो. आपल्या सारीपाटात किंवा लुडोमध्ये जसं दान पडतं, तसंच इथेही पडतं. फरक एवढाच, की इथे दानानं सोंगटी पुढे सरकत नाही, गोष्ट सरकते.

सातचं दान

"स्ट्रेंजर थिंग्ज" बऱ्याच जणांनी पाहिली असेल. २०१६ मध्ये आलेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात डी अँड डी खेळतायत. माइक जीएम आहे. डेमोगॉर्गन नावाचा राक्षस समोर आलाय आणि पाळी विलची आहे. एक मित्र ओरडतो, संरक्षणाचा मंत्र टाक. दुसरा ओरडतो, आगीचा गोळा टाक. आगीच्या गोळ्यासाठी १३ किंवा त्याहून जास्त दान लागणार आहे. विल आगीचा गोळाच टाकतो. फासा उडून टेबलाखाली जातो, शोधाशोध होते, तेवढ्यात घरचे खेळ बंद करायला लावतात. दान सापडतं तेव्हा ते सात असतं. माइकनं ते पाहिलेलं नाही, म्हणजे ते धरायचं नाही, असं मित्रांचं म्हणणं. पण निघताना विल स्वतःहून माइकला सांगून टाकतो, की सात पडले होते, राक्षसानं मला गाठलं.

या दोन मिनिटांच्या प्रसंगात कुणी काय ठरवलं बघा. समोर राक्षस आहे आणि त्याला हरवणं अवघड आहे, हे जीएमनं ठरवलं. स्वतःला वाचवायचं की हल्ला करायचा, हे विलनं ठरवलं. हल्ला लागला की नाही, हे फाशानं ठरवलं.

आता फासा काढून टाका. माइक म्हणाला असता, "लागला गोळा, मेला राक्षस." मग विलच्या धाडसाला किंमत काय राहिली? आगीचा गोळा निवडणं धाडसाचं वाटतं ते फसू शकतं म्हणूनच. उलट निवड काढून टाका. माइकनं परस्पर फासा टाकला, सात पडले, "विल, तू मेलास." यात विल कुठे आहे? त्याच्या जागी कुणीही असता तरी तेच झालं असतं.

म्हणजे निवड पात्राची आणि परिणाम फाशाचा. फासा जेव्हा निवडीत घुसतो, किंवा खेळाडू (नाहीतर जीएम) जेव्हा परिणाम आपल्या खिशात घालतो, तेव्हा टेबलावर कुरबुर सुरू होते. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका रेषेभोवतीचं आहे.

भांडण खेळापेक्षाही जुनं

गंमत म्हणजे हा वाद डी अँड डीच्या जन्माआधीचा आहे, आणि सुरुवात केली ती सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात राइसवित्झ नावाच्या बाप-लेकांनी युद्धाचा सराव करायला एक खेळ तयार केला, क्रीगश्पील. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता, त्यानं १८२४ मध्ये नियम पक्के केले. नकाशावर तुकड्या मांडायच्या, दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे, मध्ये एक पंच. गोळीबारात किती माणसं गेली हे फासे आणि तक्ते ठरवायचे. सैन्याला खेळ आवडला आणि तो पलटणींमध्ये पोचला.

पण तक्ते आणि नियम वाढत गेले आणि एकेक चाल रखडायला लागली. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्यानं वेगळी सूचना केली. फासे आणि तक्ते बाजूला ठेवा, लढाई पाहिलेला अनुभवी पंच स्वतःच्या समजेनं निकाल देईल. या प्रकाराला "मुक्त" क्रीगश्पील म्हणतात. खेळ वेगानं चालायला लागला, पण आता सगळं पंचावर आलं. पंचाची समज कच्ची असेल, किंवा त्याचा कुणावर लोभ असेल, तर काय करणार? म्हणजे आज आपण ज्यावर वाद घालतो, ते प्रशियन अधिकारी दीडशे वर्षांपूर्वी करून बसले होते.

पुढचं वळण अमेरिकेतलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या खेळाडूनं नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. ब्राउनश्टाइन हे त्या खेळातलं काल्पनिक जर्मन गाव. त्यानं सैन्याच्या सेनापतींबरोबर गावातल्या लोकांच्या भूमिकाही वाटल्या आणि प्रत्येकाला वेगळा हेतू दिला. लढाई राहिली बाजूला! लोक एकमेकांना गाठून कुजबुजायला लागले, सौदे करायला लागले, कट रचायला लागले. वेस्लीला वाटलं, सगळा विचका झाला. खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी?

त्या मंडळींत डेव्ह आर्नसन होता. त्यानं ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं काल्पनिक जग सुरू केलं. तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सनं १९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर चेनमेल हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. आर्नसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ मध्ये डी अँड डी बाजारात आलं. म्हणजे युद्धखेळाचे फासे आणि ब्राउनश्टाइनमधली माणसं एकाच पेटीत आली. आपला वाद त्या पेटीतूनच आलाय.

त्या पहिल्या पेटीत आज असते तशी कौशल्यांची यादी नव्हती. वाटेत खड्डा असेल असं वाटलं, तर खेळाडू सांगायचा, "मी लांब काठीनं जमीन ठोकत पुढे जातो." जीएम विचार करून सांगायचा, सापडला की नाही. १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत चोर हा पात्राचा प्रकार आला, आणि त्याच्यासोबत कुलूप उघडणं, सापळे निकामी करणं, लपणं यांच्या टक्केवाऱ्या आल्या. सोय झाली, चोराला चोराचं काम मिळालं. पण कागदावर टक्केवारी आली की लोक काठी विसरतात. "मी जमीन ठोकतो" ऐवजी "मी फासा टाकू का?" असं विचारायला लागतात. नियमानं हातात काहीतरी दिलं, तसं हातातून काहीतरी काढूनही घेतलं. दोन्ही बाजूंची तक्रार खरी आहे, ती अशी.

फाशांचाही स्वभाव असतो

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

२० बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा पडायची शक्यता सारखीच, ५ टक्के. एक पडायची जेवढी, तेवढीच अकराची आणि तेवढीच विसाची. आता असं समजा, एक दणकट योद्धा आणि एक हडकुळा कारकून पंजा लढवतायत. डी अँड डीच्या आजच्या नियमांत योद्ध्याची ताकद २० असेल तर त्याला दानात ५ मिळवता येतात, कारकुनाची १० असेल तर शून्य. दोघांनी फासा टाकायचा, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. दोन फाशांच्या एकूण ४०० जोड्या होतात. त्यातल्या २८० मध्ये योद्धा जिंकतो, १५ मध्ये बरोबरी, आणि १०५ मध्ये चक्क कारकून जिंकतो! म्हणजे साधारण दर चार पंजांमागे एक.

"फाशानं माझ्या पात्राचा पोपट केला" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. खेळाडूनं कागदावर "या पंचक्रोशीतला सगळ्यात ताकदवान माणूस" असं लिहिलंय आणि फासा त्याला कारकुनाकडून हरवतोय. खेळाडूचा राग बरोबर आहे. पण चूक फाशाची नाही. जिथे शंकाच नव्हती, तिथे आपण फासा टाकला.

दुसऱ्या प्रकारचे फासे घेतले की चित्र बदलतं. सहा बाजूंचे तीन फासे एकदम टाका. एकूण २१६ शक्यता. त्यातल्या ५४ मध्ये बेरीज १० किंवा ११ येते, म्हणजे २५ टक्के. अठरा मात्र २१६ मध्ये एकदाच. मधले आकडे वारंवार, टोकाचे क्वचित. १९८६ मध्ये आलेला गर्प्स हा खेळ असे तीन फासे वापरतो. तिथे कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी बेरीज आली की काम जमतं. कौशल्य १० असेल तर यश ५० टक्के, १२ असेल तर ७४, आणि १४ असेल तर ९० च्या वर. म्हणजे इथे जाणकार माणूस खरोखर जाणकारासारखा वागतो.

यातला एक चांगला आणि दुसरा वाईट असं नाही. एका फाशाच्या खेळात उलथापालथ जास्त, धमाल जास्त. तीन फाशांच्या खेळात भरवसा जास्त. आपल्या ग्रुपला पात्रं कशी हवीत, त्यावर फासे निवडावेत. "आम्हाला पात्रं महत्त्वाची" असं म्हणणारे बरेच जण सगळ्यात लहरी फाशानं खेळतात आणि मग फाशांनाच शिव्या घालतात, म्हणून हे सांगितलं.

मग बोलण्याचं काय?

आता खरी अडचणीची जागा. तलवार चालवताना वाद होत नाही. वाद होतो तो बोलताना.

अशी कल्पना करा. एकाच टेबलावर दोन खेळाडू आहेत. एकीची जीभ चुरचुरीत, कॉलेजात एकांकिका केलेल्या, इंग्रजी सफाईदार. तिनं घेतलंय मुक्या-अबोल रानटी योद्ध्याचं पात्र, आणि कागदावर बोलण्याच्या कौशल्याचा आकडा सगळ्यात कमी ठेवलाय, कारण ते गुण तिला ताकदीवर घालायचे होते. दुसरा स्वभावानं लाजाळू. त्यानं मुद्दाम घेतलाय गोडबोल्या शाहीर, ज्याच्या शब्दावर राजे डोलतात. आपण एरवी जे नाही ते होऊन बघावं, म्हणून तर माणूस हा खेळ खेळतो.

दरबारात राजाला पटवायचंय. योद्ध्याची खेळाडू उभी राहते आणि झकास भाषण ठोकते. सगळे टाळ्या वाजवतात. जीएम खूश होऊन म्हणतो, "वा! फासा कशाला, राजाला पटलं." शाहिराची पाळी येते. तो खेळाडू चाचरत म्हणतो, "मी... म्हणजे... राजाला सांगतो की मदत करा." जीएम म्हणतो, "असं नाही, नीट बोलून दाखव."

त्या मुलाला आपण काय सांगितलं? तुझ्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, इथे तू तूच आहेस. योद्ध्याच्या खेळाडूला दगड उचलून दाखव असं कुणी म्हणत नाही. मग शाहिराच्या खेळाडूनं भाषण का करून दाखवायचं? आपल्याकडे तर याला आणखी एक पदर आहे. नियमपुस्तकं बहुतेक इंग्रजीत, टेबलावरची भाषा मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ. फासा काढून टाकला, की ज्याला त्या मिसळीत पटकन शब्द सुचतात त्याचंच पात्र जिंकतं. "आम्ही फासे कमी टाकतो, आम्ही पात्रं जगतो" असं म्हणणाऱ्या टेबलावर कधीकधी पात्र जगत नसतं, बोलका खेळाडू जिंकत असतो. अशा वेळी फासा हा गप्प माणसाचा वकील असतो.

पण याची दुसरी बाजूही ऐका. सगळंच फाशावर टाकलं तर बोलण्यातली मजा मरते. "मी पटवतो. सतरा. पटला का?" यात राजाही नाही, शाहीरही नाही, नुसता हिशोब आहे.

मधला रस्ता असा. जीएमनं खेळाडूला दोन गोष्टी विचारायच्या: तुला राजाकडून काय हवंय, आणि तू ते कुठल्या वाटेनं मिळवणार? "राजाच्या मुलाला याच डाकूंनी मारलंय, त्याची आठवण करून देतो," असं लाजाळू खेळाडूनं एका वाक्यात सांगितलं तरी पुरे. हा मुद्दा राजाच्या वर्मी लागणारा आहे, म्हणून काम सोपं करा. लागणारा आकडा १५ ऐवजी १० धरा. शब्दांच्या सफाईला गुण द्यायचे नाहीत, मुद्द्याला द्यायचे. मग फासा टाका. कागदावरचं गोड बोलणं तिथे कामी येतं.

भाषण ठोकणाऱ्या खेळाडूचं काय? तिला भाषण करू द्या की, टेबलाला मजा येते. मुद्दा चांगला असेल तर तिलाही सोपा आकडा द्या. पण फासा तिच्या पात्राच्या आकड्यानं टाका. कमी पडला तर तिलाच विचारा, "एवढं चांगलं बोलूनही तुझ्या योद्ध्याचं कुठे बिनसलं?" चांगली खेळाडू यातून भन्नाट काहीतरी काढते: भाषण झकास झालं, पण शेवटी त्यानं राजाच्या खांद्यावर थाप मारली!

काही टेबलांवर उलटा क्रम असतो. आधी फासा टाकायचा, मग पडलेल्या दानाप्रमाणे प्रसंग बोलून दाखवायचा. हेही करून बघा. काय होणार हे माहीत असलं, की लाजाळू माणूस मोकळेपणानं बोलतो.

इथे मला दशावताराची आठवण येते. कोकणात आणि गोव्यात दशावतारातले नट लिहिलेल्या संहितेशिवाय, उभ्या उभ्या संवाद रचतात. शब्द त्या रात्रीचे, त्या नटाचे. पण कथेत राक्षस शेवटी मरणार हे नटालाही माहीत असतं आणि समोर बसलेल्या आजीलाही. आरपीजीत शब्दही आपले आणि शेवटही कुणाला माहीत नसतो. तो माहीत नसणं ही फाशाची देणगी आहे.

वेगळी उत्तरं शोधणारे खेळ

गेल्या पन्नास वर्षांत अनेकांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. मोजकी सांगतो.

अँबर डाइसलेस, १९९१. रॉजर झेलाझनीच्या कादंबऱ्यांवर एरिक वुजिकनं बेतलेला खेळ. नावातच आहे, फासे नाहीत. सुरुवातीला खेळाडू ताकद, युद्धकौशल्य अशा गुणांसाठी चक्क लिलावात बोली लावतात. तलवारबाजीत पहिला कोण, दुसरा कोण, हे तिथेच ठरतं. मग सरळ लढाईत वरचाच जिंकणार. खालच्याला जिंकायचं असेल तर त्यानं लढाईच बदलायची: अंधारात गाठा, फितुरी करा, बोलण्यात गुंतवा. फासे काढले म्हणून अनिश्चितता गेली नाही, ती माणसांच्या डावपेचांत गेली. पण जीएमवर प्रचंड भरवसा लागतो. फेर्डी द्यु व्हर्नुआच्या पंचासारखा.

पेंड्रॅगन, १९८५. ग्रेग स्टॅफर्डचा राजा आर्थरच्या सरदारांवरचा खेळ. यात फासा थेट स्वभावावर पडतो. दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा, अशा गुणांच्या १३ जोड्या. प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १६ असेल तर क्रौर्य ४. शरण आलेला शत्रू समोर आहे, तुम्हाला तो मारायचाय, पण तुमचा सरदार दयाळू म्हणून ख्यात आहे. टाका फासा! दयेचं दान पडलं तर हात वर उचललेला खाली येतो. मघाशी मी म्हटलं, की फासा निवडीत घुसला की कुरबुर होते. हा खेळ तर तेच मुद्दाम करतो. तरी तो चालतो, कारण ते आकडे आभाळातून पडत नाहीत. तुम्ही आजवर जसे वागलात, त्यातून ते वाढतात किंवा घटतात. फासा तुमच्याच जुन्या निवडी तुमच्यासमोर ठेवतो. आणि खेळायला बसतानाच सगळ्यांनी हे मान्य केलेलं असतं.

अपोकॅलिप्स वर्ल्ड, २०१०. यात सहा बाजूंचे दोन फासे. १० किंवा वर: हवं ते मिळालं. ६ किंवा खाली: जीएमच्या हातात सूत्रं. आणि ७ ते ९: जमलं, पण काहीतरी मोजावं लागेल. पात्राला काही मिळवायचं नसेल तर ३६ पैकी १५ वेळा, म्हणजे जवळपास ४२ टक्के, हे मधलं दान पडतं. मजा अशी, की ते पडलं की बऱ्याचदा निवड पुन्हा खेळाडूकडे येते. दार उघडलंय, पण मित्र मागे राहिलाय. पुढे जातोस की परत फिरतोस? फासा पडल्यावर गोष्ट संपत नाही, पात्र कसं आहे हे दाखवायची पाळी येते.

ड्रेड, २००५. भयकथांचा खेळ. फाशांऐवजी टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा जेंगा मनोरा. अवघड काम करायचं तर एक ठोकळा काढा. मनोरा पडला तर तुमचं पात्र गेलं. पात्राच्या कागदावर आकडे नसतातच, प्रश्नावली असते, आणि तिच्या उत्तरांतून माणूस उभा राहतो. शिवाय एक सुंदर तरतूद: इतरांसाठी जीव द्यायचा असेल तर खेळाडू आपल्या हातानं मनोरा पाडू शकतो. मग त्याचं काम हमखास जमतं, आणि पात्र संपतं. इथे यंत्रणा आणि पात्र वेगळे काढून दाखवताच येत नाहीत.

टेबलावर काय करायचं

खेळ कुठलाही असो, फासा उचलण्याआधी जीएमनं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

एक, हे खरंच फसू शकतं का? पंचक्रोशीतला पहिलवान कारकुनाशी पंजा लढवतोय तर नाही फसू शकत. फासा ठेवून द्या, पहिलवान जिंकला.

दोन, फसलं तर पुढे काही घडतं का? बंद कुलूप, फासा फसला, दार बंद, आता काय? परत टाका, परत टाका. यात अर्धा तास जातो. त्यापेक्षा फसणं म्हणजे "कुलूप उघडलं, पण आवाज झाला आणि पहारेकरी जागा झाला" असं धरा. फसण्यातूनही गोष्ट पुढे गेली पाहिजे. जात नसेल तर फासा नको.

तीन, काय पणाला लागलंय हे खेळाडूला माहीत आहे का? "फासा टाक" एवढंच सांगू नका. "उडी चुकली तर नदीत पडशील, आणि पाठीवरचं धान्य वाहून जाईल. मारतोस उडी?" असं विचारा. मग उडी मारणं ही त्याची निवड होते. धान्य गेलं तरी तो फाशावर चिडत नाही, कारण पण त्यानंच लावला होता.

खेळाडूंसाठीही एक गोष्ट. वाईट दान म्हणजे पात्राचा अपमान, असं धरून बसू नका. दान पडल्यावर "माझं पात्र आता काय करतं?" हा प्रश्न तुमचा आहे, तो कुणी हिरावून घेत नाही. नेम चुकलेला तिरंदाज चिडतो, हसतो की धनुष्यालाच दोष देतो? पात्र पुष्कळदा तिथे दिसतं. नेहमी जिंकणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला फार कमी कळतं.

आणि हे सगळं मोहीम सुरू व्हायच्या आधी बोला. सेशन झिरो म्हणतात त्याला: फासे न टाकता नुसतं बसून ठरवायचं, की आपल्याला कसला खेळ हवाय. पात्र मेलं तर चालेल का? बोलण्यावर फासा टाकायचा का? लढाई किती, गप्पा किती? तासाभराचं काम आहे, पण पुढचे सहा महिने सुखाचे जातात.

पडद्यामागचं दान

शेवटचा मुद्दा, आणि यावर माझं मत ठाम आहे. बरेच जीएम पुठ्ठ्याच्या पडद्यामागे फासे टाकतात. लाडकं पात्र मरतंय असं दिसलं की हळूच आकडा बदलतात. आता १९७९ च्या डी अँड डीच्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये खुद्द गायगॅक्सनंच जीएमला फाशाचा निकाल बाजूला ठेवायचा हक्क दिलाय. तेव्हा याला नियमाचा आधार आहे, आणि हेतूही प्रेमाचाच असतो.

पण खेळाडूंना एकदा शंका आली, की विलचा आगीचा गोळा गेला. फसणारच नाही हे माहीत असलं तर धाडस कसलं? शकुनीचे फासे आपल्या बाजूनं पडत असले तरी ते शकुनीचेच. पात्र मरायला नको असेल, तर ते आधी उघडपणे ठरवा: "या मोहिमेत कुणी मरणार नाही, पण पकडले जाल, किंवा जवळचं माणूस गमवाल." किंवा तिथे फासाच टाकू नका. पण टाकलात तर उघड्यावर टाका, आणि जे पडलं ते माना. फासा विचारायचा की नाही हे आपल्या हातात आहे. विचारल्यावर त्याचं उत्तर बदलणं आपल्या हातात नसावं.

तुमच्या टेबलावर बोलण्यावर फासा टाकता की नाही, आणि का, हे नक्की कळवा. कुणी हे खेळ पूर्ण मराठीत चालवत असेल, तर तुम्ही कुठले शब्द वापरता तेही सांगा. पुढच्या भागात याच धाग्यावर, दोन तासांत संपणारी छोटी मोहीम कशी बांधायची ते बघूया. तोपर्यंत खेळत राहा. भेटूच!